विकरतंतू : वाढत्या पेशीतील चयापचयाच्या नियमनाचा एक प्रकार

१

सजीव पेशीत चालणाऱ्या रासायनिक घडामोडींचे नियमन कसे होते, हा जीवरसायनशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. त्याच्या उत्तरात २०१० या वर्षापासून एका नव्या प्रकरणाची भर पडली आहे. चयापचयाची कामे करणारी काही विकरे पेशीत सुटी न राहता एकापुढे एक जुळतात, त्यांचे लांब तंतू बनतात, आणि या जुळण्यामुळे त्यांच्या कार्याचा वेग बदलतो, असे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. प्रस्तुत लेखात या तंतूंचा परिचय करून देण्याचे योजिले आहे.

विषय जीवरसायनाचा आणि लेखक भाषाशास्त्राचा अध्यापक, ही जोडी काहीशी विजोड वाटण्याचा संभव आहे. परंतु या विषयाच्या मुळाशी असलेला एक प्रश्न दोन्ही शास्त्रांना समान आहे. एखादे रूप डोळ्यांना दिसले, एवढ्यावरून त्याचे कार्य कळले असे म्हणता येईल काय? तंतूंच्या संशोधनात या प्रश्नाला जे उत्तर मिळाले, ते भाषेच्या अभ्यासकासही विचार करावयास लावणारे आहे. शिवाय मराठीतून विज्ञान लिहावयाचे तर ज्या शब्दांनी ते लिहावयाचे ते शब्द प्रथम पारखून घेणे इष्ट होय. म्हणून आरंभ शब्दांपासूनच करू.

२

‘चयापचय’ हा सामासिक शब्द मोठा अन्वर्थक आहे. चय म्हणजे रचणे, साठविणे. अपचय म्हणजे मोडणे, झिजणे. पेशीत ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू असतात, आणि द्वंद्व समासाने ती दोन्ही एका शब्दात आणून ठेविली आहेत. रचणे आणि मोडणे यांचा तोल हाच पेशीच्या जीवनाचा आधार असल्यामुळे हा शब्द विषयाचे मर्मच सांगतो.

ही कामे घडवून आणणाऱ्या प्रथिनांस मराठीत ‘विकर’, ‘वितंचक’ आणि ‘एंझाइम’ अशी तीन नावे रूढ आहेत. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने याने १८७७ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या ‘एंझाइम’ या शब्दाचा ग्रीक अर्थ ‘खमिरातील’ असा आहे. ‘वितंचक’ या शब्दामागील ‘तंच्’ हा संस्कृत धातू गोठण्याचा, विरजण्याचा अर्थ देतो. दुधाला लावावयाच्या विरजणास वैदिक भाषेत ‘आतंचन’ म्हणत. एक नाव खमिरावरून आले, दुसरे विरजणावरून. दोन्ही स्वयंपाकघरातल्या ओळखीच्या अनुभवातून निघाली. ‘विकर’ हा शब्द मात्र विकार, म्हणजे बदल, घडविण्याच्या क्रियेकडे लक्ष वेधतो. लेखनास तो सुटसुटीत असल्यामुळे येथे तोच वापरला आहे.

एडुआर्ड बुख्नर याने १८९७ मध्ये यीस्टच्या पेशी भरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते असे दाखविले, तेव्हा विकराच्या कार्यास जिवंत पेशीची गरज नाही हे स्पष्ट झाले. १९२६ मध्ये जेम्स समनर याने आपल्या अबईच्या जवळच्या जातीच्या शेंगेतील बियांपासून युरिएज नावाचे विकर स्फटिकरूपात मिळविले आणि विकर हे प्रथिनच असते याचा पुरावा दिला. महाराष्ट्रात या शास्त्राची परंपरा सांगताना डॉ. कमला सोहोनी यांचे नाव अग्रभागी येते. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हे श्वसनाच्या साखळीतील प्रथिन असते, हे त्यांनी केंब्रिज येथे दाखवून १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा, कडधान्ये आणि इतर सामान्य आहारद्रव्ये यांवर संशोधन केले. नीरेची ताडी होणे हेही यीस्टमधील विकरांचेच काम. त्या यीस्टचा एक चमत्कार पुढे येणार आहे.

या साऱ्या काळात विकर म्हणजे पेशीच्या द्रवात सुटा तरंगणारा कण, अशी कल्पना सर्वसाधारणपणे गृहीत धरलेली असे. परीक्षानळीतील अभ्यासास ती पुरेशी होती. पेशीत मात्र परिस्थिती निराळी असते.

३

वाढत्या पेशीची निकड किती मोठी असते, हे समजण्यासाठी दूर जावयास नको. आसनगावाहून शहापूर किंवा मुरबाडकडे निघावे, तर उन्हाळ्यात भाजून ठेवलेल्या राबांवर पहिल्या पावसाबरोबर भाताची पेरणी होते आणि तीन-चार आठवड्यांत रोपे लावणीस येतात. रोप उपटून चिखलात लावले की काही दिवसांतच त्यास नवी पांढरी मुळे फुटतात. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशी एकसारख्या विभागत असतात, आणि प्रत्येक विभाजनापूर्वी पेशीला आपल्या डीएनएची संपूर्ण नक्कल तयार करावी लागते.

डीएनएचा मजकूर चार अक्षरांत लिहिलेला असतो. आपल्या आतड्यात राहणाऱ्या कोलाय नावाच्या जीवाणूच्या डीएनएमध्ये सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या असतात, आणि अनुकूल परिस्थितीत हा जीवाणू २० मिनिटांत एकाचे दोन होतो. मानवी पेशीला एका विभाजनासाठी सुमारे ६०० कोटी अक्षरजोड्यांची नक्कल करावी लागते. याखेरीज आरएनए तयार करावयाचा असतो तो वेगळाच. छापखान्यात मजकूर जुळविताना एखाद्या अक्षराचे खिळे संपले तर बाकीच्या अक्षरांचे ढीग पडून असूनही काम थांबते. पेशीचेही तसेच आहे. न्यूक्लिओटाइड या नावाने ओळखली जाणारी ही अक्षरे चारही प्रकारांनी आणि योग्य प्रमाणात हाताशी असावी लागतात. एकाची उणीव झाली तर वाढ खुंटते, एखाद्याचा अतिरेक झाला तर नकलेत चुका शिरतात, आणि गरज नसताना ती बनवीत बसावे तर पेशीची ऊर्जा व्यर्थ जाते.

यांपैकी दोन अक्षरांचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. सीटीपी हे न्यूक्लिओटाइड यूटीपीपासून तयार करणारे विकर म्हणजे सीटीपी-संश्लेषक. जीटीपीकडे नेणाऱ्या वाटेवरील कळीचे विकर म्हणजे आयएमपी-डिहायड्रोजनेज. येथे त्यास सोयीसाठी ‘ग्वानिन-विकर’ म्हणू. सीटीपी पेशीपटलातील मेद बनविण्यास लागते, जीटीपी प्रथिने रचण्यास लागते. म्हणजे ही केवळ अक्षरे नव्हेत, ती वाढीची इतर कामेही करतात.

विकराला आवर घालण्याचे काही मार्ग पूर्वीच ज्ञात झाले होते. पेशी एखादे विकर कमी-अधिक प्रमाणात बनवू शकते. पण बनविण्यास आणि मोडण्यास वेळ लागतो. दुसरा मार्ग त्वरेचा आहे. १९५६ मध्ये अम्बार्गर, तसेच येट्स आणि पार्डी, यांनी असे दाखविले की साखळीच्या शेवटी तयार होणारे द्रव्य साखळीच्या आरंभीच्या विकरास रोखते. माल पुरेसा झाला की मालच कारखान्याला थांबवितो. यास प्रत्याभरण-निरोध म्हणतात. १९६५ मध्ये मोनो, वायमन आणि शांझ्यू यांनी या घटनेची उपपत्ती मांडली : विकराचे घटक दोन आकारांत राहू शकतात, एक कार्यक्षम आणि एक अक्षम, लहान रेणू येऊन चिकटले की पारडे एका बाजूस झुकते, आणि सर्व घटक एकदम आकार बदलतात. विकरतंतूंचा शोध या उपपत्तीस मोडीत काढीत नाही, उलट तिचाच विस्तार करतो.

४

विकरे जुळून लांब होतात याची चाहूल तशी जुनी आहे. मेदाम्ले बनविण्याच्या वाटेवरील असेटिल-कोए-कार्बोक्सिलेज हे विकर सायट्रेट मिळाले की लांब तंतूंच्या रूपात जुळते आणि त्याच वेळी कार्यक्षम होते, हे १९६० नंतरच्या दशकातच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले गेले होते. तथापि हा प्रकार परीक्षानळीतला अपवाद समजला गेला, आणि त्याचा व्यापक अर्थ कोणी फारसा शोधला नाही.

२०१० मध्ये तीन निरनिराळ्या संशोधकगटांनी एकमेकांशी संबंध नसता एकच गोष्ट पाहिली. जी-लाँग ल्यू यांना फळमाशीच्या पेशींत, झेमर गिताई यांच्या गटाला कौलोबॅक्टर या जीवाणूत, आणि जिम विल्हेल्म यांच्या गटाला यीस्टमध्ये व फळमाशीत, सीटीपी-संश्लेषकाचे लांब तंतू आढळले. जीवाणू, बुरशीवर्गातील यीस्ट आणि प्राणी हे उत्क्रांतीच्या वृक्षावर परस्परांपासून फार दूर असलेले सजीव होत. एवढ्या अंतरावर एकच विकर एकाच प्रकारे जुळत असेल, तर तो योगायोग मानणे कठीण होते. पुढे अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील वनस्पतीच्या सीटीपी-संश्लेषकांतही तंतू बनविण्याची क्षमता आढळली.

ल्यू यांनी या रचनेस ग्रीक शब्दांवरून ‘सायटोओफिडियम’, म्हणजे पेशीतील लहानसा सर्प, असे नाव दिले. मराठीत तिला ‘पेशीसर्पिका’ म्हणता येईल. मानवी पेशींत हीच रचना निराळ्या वाटेने सापडली होती. यकृतदाहाच्या सी प्रकारावर इंटरफेरॉन व रिबाव्हिरिन ही औषधे घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिद्रव्ये आढळली की ती पेशींतील दांड्यांस आणि कड्यांस चिकटत. २०११ मध्ये या दांड्या-कड्यांत सीटीपी-संश्लेषक आणि ग्वानिन-विकर ही दोन विकरे असल्याचे दाखविण्यात आले. रिबाव्हिरिन हे औषध नेमके ग्वानिन-विकरासच अडविते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावयाची आहे.

५

आता मुख्य प्रश्न. तंतू बनल्याने विकराचे काम वाढते, की थांबते?

पहिले स्पष्ट उत्तर कोलाय जीवाणूवरून २०१४ मध्ये मिळाले. सीटीपी-संश्लेषकाचे चार घटक मिळून एक चतुष्क होते, आणि अशी चतुष्के एकमेकांस जुळून तंतू होतो. या जीवाणूत सीटीपी साठले की तंतू बनतो, आणि तंतूत अडकलेल्या चतुष्कास कामासाठी आवश्यक तो आकार घेता येत नाही. तंतू म्हणजे येथे लगाम होय. विकर मोडलेले नसते, केवळ बांधून ठेवलेले असते. सीटीपी कमी झाले की बंध सुटतात आणि विकर तत्काळ कामास लागते. ज्यांच्यात तंतू बनू शकत नाही असे जीवाणू मुद्दाम तयार केले, तेव्हा सीटीपी कमी पडले नाही. तरीही त्यांची वाढ आणि चयापचयाचे नियमन बिघडले. हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. माल पुरेसा असूनही आवर सुटला की वाढ बिघडते.

यावरून तंतू म्हणजे लगाम असा सिद्धान्त बांधला गेला असता, परंतु २०१७ मध्ये मानवी सीटीपी-संश्लेषकाच्या पहिल्या प्रकाराने त्यास नकार दिला. या विकराचा तंतू कच्च्या द्रव्यांच्या सान्निध्यात बनतो, विकरास कार्यक्षम आकारातच धरून ठेवतो, आणि त्याचा वेग वाढवितो. सीटीपी आले की उलट तंतूच सुटतो. मानवी विकराचा दुसरा प्रकार आणखी निराळा निघाला. २०२० मध्ये असे आढळले की त्याचा तंतू दोन्ही अवस्थांत टिकतो, मात्र त्यातील सर्व घटक एकदम एका अवस्थेतून दुसरीत जातात.

या तिसऱ्या प्रकाराचे मर्म आसनगावच्या फलाटावरून कसाऱ्याकडे जाणाऱ्या मालगाडीच्या दृष्टान्ताने स्पष्ट होईल. डबे सुटे असते तर प्रत्येकास स्वतंत्रपणे थांबवावे लागले असते. ते जोडलेले असल्यामुळे आणि सर्वांतून हवेची एकच नळी जात असल्यामुळे तीतील दाब उतरताच सबंध गाडीचे ब्रेक लागतात. विकराचेही असेच आहे. सुट्या घटकांवर सीटीपीचा परिणाम हळूहळू चढत जातो. जुळलेल्या घटकांवर तो ठरावीक मर्यादेपाशी एकदम होतो. नियमनाची धार त्यामुळे तीक्ष्ण होते. गाडी जोडलेली दिसते एवढ्यावरून ती चालू आहे की थांबलेली, हे मात्र सांगता येत नाही.

ग्वानिन-विकराच्या बाबतीत तंतूचे कार्य सर्वांत सूक्ष्म आहे. या विकराची अष्टके जुळून तंतू होतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तंतूत असताना हे विकर जीटीपीच्या निरोधास कमी दाद देते. म्हणजे माल पुष्कळ असूनही कारखाना काही काळ चालूच राहतो. पेशी स्वस्थ असताना ही उधळपट्टी ठरेल. पण झपाट्याने विभागणाऱ्या पेशीला नेहमीपेक्षा मोठा साठा हवा असतो, आणि तेव्हा आवर थोडा सैल करणे हेच योग्य नियमन होय. शरीरात रोगजंतू शिरला की त्यास ओळखणाऱ्या टी-पेशी वेगाने वाढू लागतात. अशा जागृत टी-पेशींत या विकराचे तंतू दिसतात, हे २०१८ मध्ये दाखविले गेले आहे.

यीस्टचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. ग्लुकोकायनेज हे यीस्टमधील विकर साखरेला फॉस्फेट जोडून तिला वापरास योग्य करते, आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करते. उपाशी यीस्टला एकदम भरपूर साखर मिळाली, तर ही खर्चाची क्रिया बेसुमार चालून पेशीचे दिवाळे निघण्याचा धोका असतो. २०२० मध्ये असे आढळले की साखर मिळताच या विकराचे तंतू बनतात, तंतूतील विकर निष्क्रिय असते, आणि त्यामुळे क्रियेच्या वेगास वरची मर्यादा पडते. ज्या यीस्टमध्ये असे तंतू बनू शकत नाहीत ते साखरेवर वाढताना मागे पडते आणि उपासानंतर साखर मिळाली असता अधिक प्रमाणात मरते. त्याच यीस्टमधील सीटीपी-संश्लेषक मात्र अन्न संपल्यावर, पेशीतील द्रव आम्लधर्मी होऊ लागला म्हणजे, तंतूत जाऊन स्वस्थ बसते. एकाच पेशीत एक विकर सुकाळ आला म्हणून बांधले जाते, तर दुसरे दुष्काळ पडला म्हणून.

मेदाम्लांच्या वाटेवरील ज्या विकराचा वर उल्लेख केला, त्याने तर दोन्ही बाजू एकट्यानेच दाखविल्या. २०१८ मध्ये असे दिसून आले की मानवी असेटिल-कोए-कार्बोक्सिलेजाचा एक तंतू सायट्रेटमुळे बनतो आणि कार्यक्षम असतो. दुसरा एका निराळ्या प्रथिनाच्या चिकटण्याने बनतो आणि तो अक्षम असतो.

६

या सर्व उदाहरणांवरून निघणारा निष्कर्ष भाषेच्या विद्यार्थ्यास अपरिचित नाही. मराठीतील ‘ने’ हा प्रत्यय घ्या. ‘मुलाने आंबा कापला’ यात तो कर्ता दाखवितो. ‘सुरीने आंबा कापला’ यात साधन. प्रत्ययाचे रूप पाहून त्याचे कार्य सांगता येत नाही. वाक्यातील इतर पदांशी असलेला त्याचा संबंध पाहावा लागतो. मात्र यावरून प्रत्यय निरर्थक आहे असा निष्कर्ष कोणी काढीत नाही. त्याचे कार्य व्यवस्थेत आहे, रूपात नाही, एवढेच.

तंतूचेही असेच म्हणावे लागते. तो स्वतः वेगवर्धक नाही आणि लगामही नाही. विकराच्या घटकांना एकमेकांच्या अवस्थेशी बांधण्याचे ते एक साधन आहे. कोणती अवस्था बांधली जाईल, हे त्या त्या विकराच्या घडणीवर आणि पेशीच्या त्या वेळच्या स्थितीवर अवलंबून असते. म्हणूनच एकच साधन उत्क्रांतीत वेगवेगळ्या विकरांनी स्वतंत्रपणे स्वीकारले आणि प्रत्येकाने आपल्या गरजेप्रमाणे राबविले. तुलनेला मर्यादा आहेच. भाषेतील संकेत समाजाने मानलेला असतो, तर येथील बंध प्रथिनांच्या आकारांनी ठरलेला असतो.

७

हा विवेक केवळ तात्त्विक नव्हे. त्यावर वैद्यकातील काही निर्णय अवलंबून आहेत. मायकोफेनोलिक आम्ल हे द्रव्य इटालियन शास्त्रज्ञ बार्तोलोमेओ गोसिओ याने १८९३ मध्ये पेनिसिलियम वर्गातील बुरशीपासून मिळविले. त्यापासून केलेले औषध अवयवरोपणानंतर, परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून, देतात. ते ग्वानिन-विकरास अडविते. त्यामुळे टी-पेशींना अक्षरे कमी पडतात आणि त्यांची वाढ थांबते. लक्षणीय गोष्ट अशी की या औषधानेही पेशींत ग्वानिन-विकराचे तंतू बनतात. जोमाने वाढणाऱ्या टी-पेशीत तंतू दिसतात, आणि औषधाने वाढ रोखलेल्या पेशीतही दिसतात. केवळ तंतू पाहून ‘ही पेशी वाढत आहे’ असे म्हणणारा परीक्षक निम्म्या वेळा फसेल. दोन्ही अवस्थांत समान काय आहे, हे पाहिले तरच अर्थ लागतो : दोहोंतही ग्वानिनाची मागणी पुरवठ्यापेक्षा अधिक आहे. म्हणून तंतू हे वाढीचे चिन्ह नसून गरजेचे चिन्ह आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

विकरांचे महत्त्व रोगांतूनही प्रकट होते. २०१४ मध्ये वायव्य इंग्लंडमधील काही कुटुंबांत असा आनुवंशिक दोष आढळला की ज्यामुळे सीटीपी-संश्लेषकाचा पहिला प्रकार जवळजवळ नाहीसा होतो. या रुग्णांच्या इतर पेशी सामान्यपणे वाढतात. पण संसर्ग झाल्यावर ज्या वेगाने लसिकापेशी वाढावयास हव्यात त्या वेगाने त्या वाढू शकत नाहीत, आणि साधे विषाणूही गंभीर आजार आणतात. सर्वाधिक वेगाने वाढणाऱ्या पेशीलाच अक्षराची टंचाई प्रथम जाणवते, हे या उदाहरणावरून दिसते.

दुसरे उदाहरण डोळ्याचे आहे. ग्वानिन-विकराचा एक प्रकार नेत्रपटलात प्रामुख्याने असतो. त्याच्या जनुकातील काही दोषांमुळे नेत्रपटल हळूहळू झिजून अंधत्व येते, असे २००२ मध्ये आढळले. या सदोष विकरांची तपासणी केली असता मोठे आश्चर्य वाटले, कारण ती आपले मूळ काम नीट करीत होती. अनेकांत बिघडला होता तो जीटीपीचा आवर. २०२२ मध्ये या नेत्रपटलातील विकरांच्या तंतूंची रचना सविस्तर पाहण्यात आली, तेव्हा तंतूची ठेवण आणि हा आवर यांचा परस्परसंबंध स्पष्ट झाला. कार्य शाबूत, परंतु नियमन सुटलेले. आणि एवढ्यानेच दृष्टी जाते.

८

विकरतंतूंच्या अभ्यासाने चयापचयाच्या नियमनाच्या ज्ञात मार्गांत एका मार्गाची भर घातली आहे. विकर बनविणे वा मोडणे हा पहिला मार्ग, लहान रेणूंनी त्यास आवरणे हा दुसरा. आणि विकरांना परस्परांशी जोडून त्या आवराची धार तीक्ष्ण वा बोथट करणे हा तिसरा. तिसरा मार्ग दुसऱ्याची जागा घेत नाही, त्याचेच सामर्थ्य वाढवितो. वाढत्या पेशीस क्षणाक्षणाला आपला वेग गरजेनुसार बदलावा लागत असल्यामुळे हा मार्ग तिला विशेष उपयोगी पडतो.

मराठीतून या विषयावर लिहिणाऱ्यांस एक सूचना करावीशी वाटते. ‘तंतू’ या शब्दाने आपल्यापुढे कापसाचा धागा किंवा स्नायूचा दोर उभा राहतो, आणि बांधणे, ताणणे किंवा आधार देणे हेच त्याचे काम असावे, अशी समजूत नकळत होते. विकरतंतू सामान्यतः यांपैकी काही करण्यासाठी बनत नाहीत. ते रासायनिक क्रियेचा वेग ठरवितात, काम संपताच सुटतात, आणि पुन्हा जुळतात. म्हणून ‘तंतू बनला’ एवढे लिहून थांबू नये. तो कोणत्या विकराचा, कशामुळे बनला, आणि त्यात विकराची कोणती अवस्था बांधली गेली, या तीन गोष्टी लिहाव्यात. त्या लिहिल्या तर वाचकाची दिशाभूल होणार नाही, आणि शब्दही आपले काम प्रामाणिकपणे करील.